पूजेतला स्कॅनर

ती पिकअप मी बंद पाडली. वेल्डरनं नव्हे. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही. ज्यांच्या गॅरेजात हे घडलं त्या तात्यांना ठाऊक नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही.

आता लिहायला बसलो त्याचं कारण असं की या धंद्यात नव्यानं आलेली माणसं मला विचारतात, "सर, पहिला स्कॅनर कुठला घेऊ?" गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा म्हणून नवी मुंबईत पावण्यापासून तुर्भ्यापर्यंत माझं थोडंफार नाव झालंय. मी फोनवर लांबलचक उत्तर लिहितो. आधी आपल्या शेडखाली कुठल्या गाड्या येतात ते बघा. नुसतं वाचणारं मशीन घ्या, लिहिणारं आत्ताच घेऊ नका. विकणारा विकून झाल्यावर फोन उचलतो का ते आधीच्या गिऱ्हाइकाला विचारा. सगळं खरं लिहितो. हे मला कसं कळलं, तेवढं गाळतो. मागच्या महिन्यात एकाला असंच उत्तर लिहीत होतो आणि शेवटी त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते बघून मला जेवण गेलं नाही.

मी मूळचा गॅरेजवाला नाही. पावण्यातच एका कंपनीत पॅकिंगला होतो. कंपनी बंद पडली तेव्हा तिशी उलटलेली, मुलगी शाळेत घातलेली. वाशीला एक छोटा कोर्स केला, मोटार मेकॅनिकचा. त्यात फळ्यावर इंजिन जास्त आणि हातात कमी. सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन तात्यांकडे गेलो. तात्या आमच्या कोरेगावकडचे, शेजारच्या गावचे. पावण्यात त्यांचं गॅरेज, म्हणजे पत्र्याची लांब शेड, पुढे खड्डा, मागे वेल्डिंगची जागा. येणाऱ्या गाड्या बहुतेक एपीएमसी मार्केटच्या: भाजीच्या पिकअप, कांद्याचे टेम्पो.

"गावचा हाईस म्हणून घेतोय," तात्या म्हणाले. "सर्टिफिकीट त्या खिळ्याला लाव आन् पान्हे पुसायला लाग."

तिथे आणखी दोघं होते. एक वायरमन, सदा थट्टेच्या मूडमधला. दुसरा वेल्डर. वेल्डर पावण्याच्याच गावातला, आगरी, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. मी इंग्रजी वाचतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा, अर्धी थट्टा, अर्धं कौतुक. त्याचे डोळे कायम लाल असत. रात्री वाळू घातल्यासारखे टोचतात म्हणायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं की वेल्डिंग कमी कर, नाहीतर पुढे दिसणं कठीण होईल. वेल्डिंग कमी करून करणार काय? दुसरं काही येत नव्हतं त्याला.

म्हणूनच स्कॅनर घ्या म्हणून तात्यांच्या मागे लागला तो वेल्डर. मी नव्हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आताच्या गाड्यांत इंजिन चालवणारा एक कॉम्प्युटर असतो. आम्ही त्याला ईसीएम म्हणतो. कुठे काही बिनसलं की तो मीटरवर पिवळा दिवा लावतो आणि आपल्यापाशी एक कोड नोंदवून ठेवतो. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला की तो कोड वाचता येतो. स्कॅनर नसेल तर गाडी दुसऱ्याकडे पाठवावी लागते, आणि एकदा दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक तिथलंच होतं. तात्यांच्या पाच-सहा गाड्या अशाच गेल्या होत्या.

"तात्या, मशीन घ्या," वेल्डर म्हणायचा. "मास्तर शिकंल, मंग मना शिकवंल. बसून करायचा काम हाय. डोल्यांना त्रास नाय."

"तुला एबीसीडी येती का?"

"याला येते ना. मी याच्या बाजूला बसंन."

वायरमन म्हणाला, "बाजूला बसून इंजेक्शनचा कोर्स कर, डॉक्टर होशील."

शेवटी तात्या तयार झाले. तू इंग्रजी वाचतोस, तू निवड, असं मला म्हणाले. गॅरेजात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि माझ्यावर अख्ख्या गॅरेजचा भरवसा. छाती फुगली. खोटं कशाला बोलू.

तीन गोष्टी समोर आल्या. पहिली म्हणजे काडेपेटीएवढी डबी, सॉकेटमध्ये लावायची आणि मोबाईलवर बघायचं. फक्त इंजिनचे कोड, बाकी काही नाही. ती मी लगेच नाकारली. डबी कमी पडेल हे खरं होतं, पण खरं कारण वेगळं. मोबाईल तर गिऱ्हाइकाकडेही असतो, मग मी कोण?

दुसरं एक मशीन पुण्याच्या कंपनीचं. दिसायला अगदी साधं, जाड रबरी कव्हर, छोटा पडदा. त्यांचा माणूस स्वतः गॅरेजात आला. मशीन पिशवीतून काढायच्या आधी त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे जास्त गाड्या कोणत्या येतात? कुठल्या सालापासूनच्या?"

मला सांगता आलं नाही. रोज त्याच गाड्यांखाली झोपायचो, पण मोजल्या नव्हत्या, सालं बघितली नव्हती. तात्या, वेल्डर, वायरमन तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सगळ्या येतात," मी म्हणालो.

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या."

तो माणूस चांगला होता. हसला नाही. म्हणाला, "बरं. हे मॉडेल वाचेल, कोड पुसेल, सेन्सरची चालू माहिती दाखवेल. ईसीएममध्ये लिहिणं, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलणं, यात बंद ठेवलंय. सुरुवात करणाऱ्याला ते नकोच. सहा महिने वापरा, मग बघू." दोन दिवस पुण्याला येऊन शिकून जा, असंही म्हणाला.

सुरुवात करणारा, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी होतोच. पण ते त्या शेडमध्ये मोठ्यानं म्हटलं गेलं आणि मला ते मशीन नको झालं. आज मी लोकांना जे सांगतो त्यातला शब्द न् शब्द त्या माणसानं मला तेव्हा सांगितला होता.

तिसरं मशीन मुंबईत एका गल्लीतल्या दुकानात मिळालं. टॅब्लेटएवढा मोठा पडदा, रंगीत, सूटकेसमध्ये सतरा तऱ्हेच्या केबली. परदेशी मशीनची नक्कल होती ती. दुकानदारानं लपवलंही नाही. "भाऊ, ओरिजिनल जे करतं ते सगळं करतं. कोडिंग, प्रोग्रॅमिंग, सगळं खुल्लं. फक्त लिहिताना बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा, विसरायचं नाही. मध्येच बॅटरी पडली की ईसीएम गेला." त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. माझी निवड त्यावरच झाली.

गॅरेजात सूटकेस उघडली तेव्हा वेल्डरनं हात पँटला पुसून पडद्याला बोट लावलं.

"आयला, टीव्ही आनलास मास्तर!"

"मॅचच्या दिवशी बरं पडंल," तात्या म्हणाले. पण खूश होते.

दुपारी जेवणं झाली की वेल्डर माझ्या बाजूला येऊन बसायचा, चष्मा नाकावर. त्याला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. हवेच्या सेन्सरचा कोड कसा दिसतो, डिझेलच्या दाबाचा कसा दिसतो, हे तो चित्रासारखं लक्षात ठेवायचा. एकदा एका टेम्पोला कोड आला आणि माझ्याआधी तो म्हणाला, "ह्यो तं परवाचाच पावना." मी हसलो. पण त्याचे गाल एवढे वर गेले होते की मला कळलं, हा माणूस खरंच शिकणार. बायकोलाही सांगून बसला होता की दिवाळीनंतर वेल्डिंग अर्ध्यावर आणतो.

आणि मला आतून घाम फुटायचा. कारण मशीन कोड दाखवायचं, पण कोडचं पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. कोड म्हणजे गाडीची तक्रार. रोग आपण शोधायचा असतो. मी तक्रार पुसायचो. दिवा जायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं, चार दिवसांनी दिवा परत. वायरमननं ओळखलं होतं. "मास्तर फळा पुसतो," असं तो म्हणायचा.

नवरात्रात एपीएमसीच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याची पिकअप आली. ओढत नव्हती, धूर मारत होती आणि दिवा लागलेला. दसऱ्याला दुपारनंतर गाडी हवीच, असं तो सांगून गेला. हौद्याखालचा एक लोखंडी अँगलही तुटला होता. मी दिवसभर किल्ली चालू ठेवून स्कॅनर लावून बसलो. काही कळलं नाही. बॅटरी मात्र उतरली.

अष्टमीला वेल्डर अँगल मारायला आला. गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची टर्मिनल काढावी लागते, नाहीतर वेल्डिंगचा करंट ईसीएमपर्यंत पोचून तो जळू शकतो. हे मला वेल्डरनंच शिकवलं होतं. त्या दिवशी वायरमन फुलं आणायला गेला होता, तात्या पुढे व्यापाऱ्याशी बोलत होते. मागे आम्ही दोघंच. वेल्डरनं दहाच्या पान्ह्यानं टर्मिनल काढली. केबल ताठ होती, सोडली की परत बॅटरीवर जाऊन टेकायची. "मास्तर, जरा धर," तो म्हणाला. मी केबलीला फडका गुंडाळला आणि त्याचं काम होईपर्यंत हातात धरून उभा राहिलो. प्रकाश डोळ्यांवर येऊ नये म्हणून तोंड फिरवलं होतं. हात मात्र केबलीवर होता. काम झाल्यावर त्यानं टर्मिनल परत जोडली. त्या फडक्याला डिझेलचा वास होता, हे मला आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तात्यांच्या गॅरेजात त्या दिवशी हत्यारं देवाला बसत. सगळे पान्हे, जॅक, वेल्डिंगचा होल्डर, बॅटरी चार्जर, सगळं धुऊन पुसून लाकडी फळीवर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची माळ, पुढे समई. एकदा पूजा झाली की दसऱ्याची आरती होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात येऊन रडलं तरी नाही. तात्या यात कोणाचं ऐकत नसत. त्या वर्षी स्कॅनर पहिल्यांदाच मांडला गेला, मधोमध. वेल्डरनं त्याच्या पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि हात जोडले.

दुपारी सगळे घरी गेले. समई विझू नये म्हणून एकानं थांबायचं असतं. मी थांबलो.

शेडमध्ये मी एकटा होतो. पिकअप समोर होती आणि दसऱ्याला व्यापारी येणार होता. दिवा तसाच, धूर तसाच. मला वायरमनचं हसणं ऐकू येत होतं. स्कॅनरच्या यादीत मी एक पर्याय आधीच बघून ठेवला होता: ईसीएमचं सॉफ्टवेअर नवं भरायचं. इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत असंच करून गाडी सुधारलेली दाखवली होती. मला वाटलं, आत्ता करून ठेवावं, उद्या आरतीनंतर किल्ली फिरवली की दिवा गेलेला. कसा गेला कोणी विचारणार नाही. विचारलं तर मी नुसतं हसेन.

मी पूजेतला स्कॅनर उचलला.

चार्जर उचलला नाही. त्याच्यावर माळ होती आणि ऐन समईच्या मागे तो ठेवलेला. तो काढला असता तर सगळी मांडणी विस्कटली असती. एक वस्तू उचलून परत ठेवता येते, दोन नाही, असा हिशेब मी केला. दुकानदाराची एकच सूचना होती आणि ती मला त्या वेळी आठवत होती. विसरलो असतो तर निदान मूर्ख म्हणून सुटलो असतो.

हिरवी पट्टी पुढे सरकत होती. निम्म्याच्या पुढे गेली आणि थांबली. पडदा गोठला. मी वाट बघितली. समईत तेल घातलं, परत आलो. तसाच. किल्ली बंद करून चालू केली. मीटरवर बाकीचे दिवे लागले, पिवळा लागलाच नाही. तो जायला हवा होता मला, तसा तो गेला होता. ईसीएम मेला की तो दिवाही लागत नाही. स्टार्टर मारून बघितला तर बॅटरीनं नुसतं कण्हल्यासारखं केलं.

मी स्कॅनर पुसला, फळीवर ठेवला. केबल होती तशी गुंडाळली. पडद्यावरचं कुंकू माझ्या शर्टाला लागून गेलं होतं. वाटीतलं कुंकू घेतलं आणि वेल्डरनं ओढलं होतं तसं बोट ओढलं. ते मी नीट, सावकाश केलं. पुढे पुष्कळदा मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाचं काम नव्हतं ते.

दसऱ्याला आरती झाली, पेढा वाटला. व्यापारी आला. तात्यांनी पिकअपला दुसरी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही.

"मास्तर, मशीन लाव," तात्या म्हणाले.

मी लावलं. मशीन काय म्हणणार ते मला माहीत होतं. ईसीएमशी संपर्क होत नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"काल कुणी हात लावला का गाडीला?"

वायरमन म्हणाला, "काल कोण लावणार तात्या? हत्यारं देवाला बसलेली. नखानं खोलणार काय?"

आणि तिथेच सगळं ठरलं. नवमीला त्या गॅरेजात कोणी पान्हा उचलेल, हे तिघांच्याही मनाला शिवलं नाही. पूजेतलं हत्यार कोण उचलतं? म्हणजे जे झालं ते अष्टमीला झालं. आणि अष्टमीला त्या गाडीवर एकच काम झालं होतं.

तात्या वेल्डरकडे वळले. "टर्मिनल काढली हुतीस?"

"कारली ना तात्या. कारूनशीच अँगल मारला." तो अगदी सहज बोलला. मग माझ्याकडे बोट केलं. "याला इचारा. यानंच केबल धरलेली. सांग ना रं मास्तर."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पुण्याचा माणूस आला होता तेव्हा बघत होते तसेच.

"माझं लक्ष नव्हतं, दादा," मी म्हणालो.

"लक्ष नवता? आरं, फडका तूच तं गुंडाललास!"

"ते त्या टेम्पोच्या वेळी. मागच्या आठवड्यात. या गाडीला मी नव्हतो."

नुसतं माहीत नाही म्हणालो असतो तर तो माझ्याशी भांडला असता. पण मागच्या आठवड्यात एका टेम्पोला मी खरोखरच तशीच केबल धरली होती. मी त्याच्या डोक्यातली आठवण उचलली आणि दुसऱ्या गाडीवर नेऊन ठेवली. तो रागावला नाही. कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. ओठ हलत होते, मनातल्या मनात दोन्ही दिवस लावून बघत असावा.

"टेम्पोला पन धरलेलास," तो हळू म्हणाला. "पन ह्याला..."

"इतकी वर्षं करतुयास," तात्या म्हणाले, "आन् एक टर्मिनल काढाया जड झाली?"

ईसीएम खोलून एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "वेल्डिंग झालं होतं का?" तात्या हो म्हणाले. तो म्हणाला, "मग बघायला कशाला पाहिजे?" व्यापाऱ्याचं नुकसान तात्यांनी भरून दिलं. ते केव्हाच मिटलं, त्याबद्दल मला लिहायचं नाही.

वेल्डरला तात्यांनी काढलं नाही. फक्त सांगितलं की यापुढे गाडीला हात लावायचा नाही, आणि त्या मशीनच्या आसपासही फिरकायचं नाही. बाहेरची गेटं, जाळ्या असतील त्या कर. म्हणजे दिवसभर नुसतं वेल्डिंग. डोळ्यांसाठी ज्यातून सुटायला बघत होता, त्यातच त्याला बसवला. दुपारी माझ्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. वायरमननं त्याचं नाव ईसीएम ठेवलं. "ईसीएम, चहा आलाय. टर्मिनल काढून पी." पहिले काही दिवस तो स्वतःही हसला. मग ते नाव आजूबाजूच्या गॅरेजांत गेलं. चहावाल्यापर्यंत गेलं. दिवाळीआधी एका सकाळी त्यानं आपला होल्डर आणि डोळ्यांपुढे धरायची काच उचलली आणि तात्यांना सांगून गेला. मी खड्ड्यात गाडीखाली होतो. मला त्याच्या चपला दिसल्या. खड्ड्याच्या कडेला जरा थांबल्या, मग गेल्या. मी वर आलो नाही.

त्यानंतर घणसोलीला कोणाकडे तरी तो खिडक्यांच्या ग्रिल मारायला लागला, असं ऐकलं. दुसऱ्या गॅरेजात त्याला कोणी उभं केलं नसतं.

आणि मी शिकलो. भीतीनं शिकलो. ते नक्कल मशीन मी कारण न सांगता बाजूला ठेवलं, पुण्याच्या त्या माणसाला फोन केला, शिकून आलो. गाड्यांची सालं लिहून काढली. कोड आला की तारेपासून सुरुवात करून रोगापर्यंत जायला लागलो. तात्या गावी परत गेले तेव्हा शेड माझ्याकडे आली. लोक म्हणतात, मास्तरचा हात स्वच्छ आहे. एकदा मुलीनं शाळेत निबंध लिहिला, माझे बाबा गाडीचे डॉक्टर. मी तो वाचून छान म्हणालो.

हे एवढंच असतं तर कदाचित मी ते घेऊनच मेलो असतो. पण यंदा बायकोच्या डोळ्यांसाठी वाशीला एका दवाखान्यात गेलो होतो. बाकावर तो बसलेला. काळा चष्मा, केस पांढरे. बाजूला त्याची बायको, हातात कागदांची पिशवी. मी वळून जाणार होतो, पण माझ्या बायकोनं मला मोठ्यानं काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि त्यानं आवाजावरून मान वर केली.

"मास्तर का?"

"दादा."

"ये ये, बस. मोठा झालास ऐकतंय. आमच्या गावात पन नाव हाय तुजा." हात पुढे केला, मी कुठे आहे ते चाचपत. मी हात दिला.

त्याची बायको म्हणाली, "एक डोला तं गेलाच. दुसऱ्याचा बगतान आता." मग हसत, माझ्या बायकोला सांगावं तसं: "आनि ह्यांनी नवीनच लावलंय. घरातून निंगताना चार येला इचारतान, गॅस बंद केला का, कुलूप लावला का. मी लावलेला बगतान, हात लावून बगतान, तरी इचारतान."

"इचारावा लागतो," तो म्हणाला. "माजा मनावर भरोसा नाय." आणि माझ्याकडे तोंड करून, खालच्या आवाजात, "ती टर्मिनल रं मास्तर. मना आता वाटतंय, ऱ्हायलीच असंल. तवा मी उगाच तुज्यावर घालत व्हतो. मना खरंच वाटायचा का कारली. डोक्यात अजून दिसते, तू फडका धरून उभा. पन तो टेम्पोच असंल."

मी त्याच्या बायकोच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिलो.

"तू तवा तात्यासमोर जास्त बोलला नाय," तो म्हणाला. "दुसरा असता तं आरडाओरडा केला असता. तुजे उपकार हायत."

त्या क्षणी सांगता आलं असतं. आजूबाजूला फक्त आमच्या दोघांच्या बायका होत्या. माझ्या तोंडातून जे निघालं ते असं: "जाऊ दे दादा. जुनं झालं."

मी त्याला माफ केलं. न केलेल्या चुकीसाठी, आणि ती चूक माझी असताना. त्यानं मान हलवली, बरं वाटल्यासारखी. मग आतून त्याचा नंबर पुकारला आणि बायको त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्याचं काम घेतलं, आणि आता एक डोळाही त्याच हिशेबात धरावा लागतो. त्या बाकावर कळलं की मी त्याचा स्वतःवरचा विश्वासही काढून घेतला. त्याच्या डोक्यातलं चित्र अजून बरोबर आहे, आणि माझ्या शब्दावर विसंबून तो ते खोटं ठरवतो.

तात्या गावी आहेत, थकलेत, पण ऐकू येतं. वायरमनचं तुर्भ्याला दुकान आहे. म्हणजे त्या दिवशी शेडमध्ये होते ते सगळे आहेत. त्या दोघांना बरोबर घेऊन मला पावण्यात वेल्डरच्या घरी जायचं आहे. त्याच्या बायकोसमोर, त्यांच्यासमोर सांगायचं आहे की त्यानं टर्मिनल काढली होती, केबल मी धरली होती, पिकअप तीच होती, आणि नवमीला स्कॅनर मी उचलला. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.